माणशी तीस हजार आणि चार थांबे: मालवण ते नेत्राणी, एका स्कूबा सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापुरातल्या चौघांचं आहे. नावं देत नाही, कामावरूनच ओळख ठेवतो. एक जण सहकारी बँकेत आहे, त्याची बायको माध्यमिक शाळेत शिक्षिका, तिसरा त्यांचा मित्र, ज्याचं औषधांचं दुकान आहे, आणि चौथा बँकवाल्याचा धाकटा भाऊ, नुकताच नोकरीला लागलेला. मी त्यांच्याच गल्लीत राहतो, बरीच वर्षं डायव्हिंग करतो, आणि असल्या सहलींचे हिशेब तपासून द्यायची मला हौस आहे. त्यामुळे हे चौघं कागद घेऊन माझ्या घरी आले.

पाण्याखालचा अनुभव सगळ्यांचा सारखा नव्हता. नवरा-बायकोने दोन वर्षांपूर्वी अंदमानात ओपन वॉटरचा कोर्स केला होता, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायची परवानगी. त्यानंतर दोघांनी पाण्यात तोंडही बुडवलेलं नव्हतं. औषधवाला अ‍ॅडव्हान्स्ड होता, त्याला ३० मीटरपर्यंत चालतं, आणि त्याच्याकडे स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर होता, म्हणजे पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारं यंत्र. धाकट्याकडे काहीच नव्हतं. तो फक्त ट्राय डाइव्ह करू शकत होता, म्हणजे प्रशिक्षक हाताला धरून नेणार, खोली जास्तीत जास्त १२ मीटर.

पैसे ठरलेले: माणशी ३०,०००, चौघांचे मिळून १,२०,०००. एक रुपया वर नाही, असं शिक्षिकेने पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं.

अडचण

त्यांनी आणलेल्या आराखड्यात आठ दिवस, सात रात्री आणि चार थांबे होते. तारकर्ली, गोवा, कारवार आणि मुरुडेश्वर. तारकर्लीला दोन डाइव्ह, गोव्यात ग्रँड आयलंडला दोन, कारवारला नुसता मुक्काम आणि मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर दोन. नकाशावर बोट फिरवलं तर फार देखणं दिसत होतं. किनारा धरून खाली खाली जायचं, रोज नवा समुद्र.

हिशेब असा होता. पेट्रोल आणि टोल ८,०००. दोन खोल्या, सरासरी १,८०० प्रमाणे सात रात्री, २५,२००. जेवणखाण माणशी रोज ७००, म्हणजे २२,४००. तिघा कार्डवाल्यांच्या, म्हणजे कोर्स केल्याचं कार्ड असलेल्यांच्या, सहा-सहा डाइव्हचे ४९,५००. धाकट्याच्या तीन ट्राय डाइव्हचे ११,०००. कॉम्प्युटरचं भाडं ४,५००. डायव्हिंगचा विमा तिघांचा ७,५००. एकूण १,२८,१००.

आठ हजार वर जात होते. त्यांना वाटत होतं अडचण एवढीच आहे, आणि उपायही ठरला होता: नेत्राणी महाग पडते, ती काढून टाकू.

मला खरी अडचण वेगळी दिसत होती. आठ दिवसांपैकी पाण्यात फक्त तीन दिवस होते. उरलेले पाच सामान बांधणं, गाडी चालवणं, नवी खोली शोधणं आणि ओल्या वेटसूटच्या, म्हणजे डायव्हिंगच्या पोशाखाच्या, वासात बसणं यात जाणार होते. शिवाय एकाही ठिकाणी जास्तीचा दिवस नव्हता. नेत्राणीच्या दिवशी वारा सुटला आणि बोट निघाली नाही की संपलं, दुसऱ्या दिवशी परतीचा रस्ता.

म्हणून मी त्यांना एकूण खर्चाऐवजी एक वेगळा आकडा काढायला लावला: सगळा खर्च भागिले प्रत्यक्ष डाइव्ह. १,२८,१०० भागिले २१, म्हणजे एका डाइव्हमागे ६,१००. बँकवाला गप्प झाला. "काका, डाइव्हचा दर तर अडीच-तीन हजार आहे," तो म्हणाला. बाकीचे तीन हजार रस्ता खातो, खोली खाते.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय अंदमानचा. नवरा-बायकोचं मन तिकडेच होतं. हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि नील, म्हणजे शहीद द्वीप, दोन्हीकडचं पाणी आपल्या किनाऱ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पण कोल्हापूरहून विमान बदलत जायचं, वर बेटाबेटांमधल्या फेरीची तिकिटं, आणि शेवटचा दिवस कोरडा, कारण डाइव्ह करून लगेच विमानात बसता येत नाही. माणशी तीस हजारांतले निम्म्याहून जास्त पाण्यापर्यंत पोचण्यातच जात होते. हा पर्याय दहा मिनिटांत बाद झाला.

औषधवाल्याने मध्येच आंग्रिया बँकेचा विषय काढला. विजयदुर्गपासून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत पाण्याखाली असलेलं ते प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथे दिवसभरात जाऊन येता येत नाही, बोटीवरच राहावं लागतं. आमच्या बजेटात ती गोष्ट गप्पांपुरती.

दुसरा पर्याय: सगळे दिवस तारकर्लीतच राहायचं आणि तीन ऐवजी चौघंही कार्डवाले व्हायचं. तिथे एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, खासगी प्रशिक्षकही आहेत. ओपन वॉटरच्या कोर्सात उघड्या पाण्यातल्या चार डाइव्ह असतात, त्याआधी पोहण्याच्या तलावातला सराव, शिवाय वाचन आणि परीक्षा. तीन-चार दिवस सहज जातात. धाकट्याच्या दृष्टीने हा सगळ्यात शहाणा मार्ग होता. पण कोर्सची फी त्याच्या एकट्याच्या तीस हजारांचा बराच मोठा भाग खात होती, आणि बाकी तिघांना मालवणच्या पाण्यात चार दिवस काढण्याचा उत्साह नव्हता. किल्ल्याच्या आसपास उथळ पाणी, चार-पाच मीटर दिसलं तरी दिवस चांगला म्हणायचा. मालवणच्या रस्त्यावर पाट्या दिसतात, स्कूबा अधिक पॅरासेलिंग अधिक केळीबोट. ते पर्यटकांसाठी ठीक, दहा-पंधरा मिनिटांत पाण्याखालचा फोटो मिळतो. लॉगबुकात, म्हणजे डायव्हरच्या नोंदवहीत, लिहायची डाइव्ह ती नव्हे. दूरध्वनीवर दर विचारताना हा फरक सांगितला नाही तर दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळतात. यांचेही मिसळले होते.

तिसरा पर्याय दोनच थांब्यांचा. तारकर्ली दोन रात्री, मुरुडेश्वर चार रात्री, मध्ये गोव्यात फक्त जेवायला थांबायचं. गोवा काढायचा म्हटल्यावर धाकट्याचं तोंड पडलं. पण ग्रँड आयलंडचं पाणी बरेचदा गढूळच असतं आणि फेब्रुवारीत गोव्याच्या खोलीचे दर काय असतात ते सगळ्यांना माहीत होतं.

नेत्राणी मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून समुद्रात वीसेक किलोमीटर आत. बोटीने दीड तास. किनारा लांब असल्यामुळे नद्यांचा गाळ तिथवर कमी पोचतो, म्हणून तिथे पाणी मोकळं मिळतं. म्हणजे यादीतला सगळ्यात महाग थांबा हाच सगळ्यात चांगला होता, आणि त्यांनी कात्री नेमकी त्याच्यावर चालवली होती.

ठरलेला आराखडा

शेवटी तिसरा पर्याय. राहणं १६,४०० वर आलं, कारण मुरुडेश्वर देवस्थानाचं गाव, साध्या खोल्या १,३०० ला मिळाल्या आणि तारकर्लीत एका घरगुती निवासात १,५०० ला. जेवण माणशी ५५० धरलं. डाइव्हचा खर्च तेवढाच राहिला, ४९,५००, पण आता सहापैकी चार डाइव्ह नेत्राणीला होत्या. त्यातच नेत्राणीचा पहिला दिवस माणशी ६,०००, दुसरा ५,५००. धाकट्याच्या दोन ट्राय डाइव्ह ७,०००. औषधवाल्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर आहे हे पहिल्या यादीत चक्क विसरलं गेलं होतं, तिथे दीड हजार वाचले. विमा ७,५००, गाडी ८,०००. एकूण १,०६,८००. वीस डाइव्ह धरल्या तर डाइव्हमागे ५,३४०, आणि हातात १३,२०० शिल्लक.

ती शिल्लक दिसल्याबरोबर गोवा परत आत घ्यायची मागणी झाली. मी म्हटलं, ते पैसे खर्चायचे नाहीत. त्या पैशांनी तुम्ही गुरुवार विकत घेतलाय.

गुरुवारचं गणित असं. सोमवारी मुरुडेश्वरला पोचायचं, मंगळवार आणि बुधवार नेत्राणी, गुरुवार मोकळा. दोन्ही दिवस बोट गेली तर गुरुवारी गोकर्ण बघा. नाही गेली तर गुरुवार तुमचा.

तारखा बँकवाल्याने सुट्टी बघून ठरवल्या होत्या, त्या नेमक्या अमावस्येला लागून येत होत्या. शिक्षिकेने भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि सगळं अष्टमीच्या आसपास सरकवलं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, भरती-ओहोटीचा जोर मोठा, तळाची माती उठते. अष्टमीला भांगाची भरती, पाणी त्यामानाने निवांत. मालवणचा कुठलाही तांडेल हे सांगेल, त्याला पैसे पडत नाहीत.

डाइव्ह सेंटरना फोन करायची जबाबदारी औषधवाल्याने घेतली. त्याला मी प्रश्न लिहून दिले. दरात सिलिंडर, वेटसूट, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र), बोट आणि कर सगळं धरलंय का? एका गाइडमागे किती जण? किती माणसं झाली तर बोट सोडता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोट तुम्ही रद्द केली तर काय, आणि आमच्यातला कोणी उतरू शकला नाही तर काय? एका ठिकाणी ४,५०० सांगितलेला दर हे प्रश्न विचारता विचारता ६,००० च्या वर गेला. दुसऱ्याने पहिल्या फटक्यातच ६,००० सांगितले होते, सगळं धरून. दुसरा निवडला. त्याची अट स्पष्ट होती: आम्ही रद्द केलं तर दुसरा दिवस किंवा पैसे परत, तुम्ही नाही उतरलात तर परतावा नाही. ही अट पुढे महागात पडली, पण ती माहीत होती.

प्रत्यक्षात काय घडलं

शनिवारी फोंडा घाटाने उतरून तारकर्ली. रविवारच्या दोन डाइव्ह मजेच्या नव्हत्या, उजळणीच्या होत्या. मास्कमध्ये पाणी घेऊन नाकाने फुंकून काढणं, रेग्युलेटर तोंडातून सोडून परत पकडणं, एका पातळीवर तरंगत राहणं. बँकवाला गुडघ्यावर आपटत राहिला. खाली जाता यावं म्हणून कमरेला वजन बांधतात, ते त्याने गरजेपेक्षा जास्त बांधलं होतं, ते पेलायला तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरायची, वर उचललं गेलं की सोडायची, पुन्हा खाली. सत्तावीस मिनिटांत २०० बार दाबाचं सिलिंडर ५० वर. तिथल्या प्रशिक्षकाने दोन किलो काढून टाकले आणि दुसऱ्या डाइव्हला तो चाळीस मिनिटं राहिला. पाणी हिरवट होतं, आपल्याच पायातल्या फिनचं टोक धूसर दिसत होतं. पण हे शिकायला नेत्राणीचं पाणी कशाला वाया घालवायचं? धाकट्याची ट्राय डाइव्ह झाली आणि तो वर आला तो बोलतच.

सोमवारी सव्वातीनशेच्या आसपास किलोमीटर, सगळा किनाऱ्याचा महामार्ग ६६. यात एक फायदा लपलेला होता, तो पुढे कळेल. गोव्यात मासे-भात, कारवारला चहा, रात्री आठला मुरुडेश्वर.

त्या प्रवासात शिक्षिकेला सर्दी झाली. गाडीतला एसी म्हणा, तारकर्लीचं ओलं डोकं म्हणा. मंगळवारी सकाळी एक नाकपुडी बंद.

इथे पहिला कठीण निर्णय. बरोबर औषधवाला, त्याच्या पिशवीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या. त्यानेच त्या दिल्या नाहीत, याचं मला आजही कौतुक वाटतं. "वहिनी, गोळीने खाली जाल," तो म्हणाला, "पण खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना कान अडकतो. खाली जाताना अडकला तर थांबता येतं, वर येताना काय करणार?" सहा हजार भरलेले होते, परतावा नव्हता. तिने ठरवलं, बोटीवर जाते, दोराला धरून हळू उतरून बघते, जमलं तर जमलं.

बोटीचा नांगर पडला तेव्हा मागे मुरुडेश्वरचा शंकराचा पुतळा काडेपेटीतल्या काडीएवढा झाला होता. ती दोर धरून पाय खाली करून उतरली. दर अर्ध्या मीटरला नाक दाबून फुंकायचं. डावा कान सुटला, उजवा नाही. चार मीटरवर तिने हाताने कानाकडे खूण केली, एक मीटर वर आली, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पृष्ठभागापासून दहा मीटरपर्यंत दाब दुप्पट होतो, म्हणून कानाची खरी परीक्षा याच पहिल्या टप्प्यात. तिसऱ्या प्रयत्नाला तिने अंगठा वर केला, म्हणजे वर जायची खूण. डाइव्ह संपली. उरलेला दिवस बोटीवर, बादलीशेजारी.

बाकी दोघांचा दिवस छान गेला. खडकाच्या उतारावर पोपटमासे कुरतडत होते, कपारीत एक लायनफिश पंख पसरून उलटा लटकलेला, निळ्यात बॅराकुडांचा घोळका. बँकवाला संध्याकाळी फोनवर बोलताना आवाज खाली घेऊन बोलत होता, बायको शेजारी होती.

त्या संध्याकाळीच ती कानाच्या डॉक्टरांकडे गेली, औषधासकट ९०० रुपये. पडदा ठीक होता, सूज होती. एक दिवस विश्रांती, मग बघा.

बुधवारी पहाटे साडेसहाला फोन आला, बोट जाणार नाही. वाऱ्याने लाटा वाढल्या होत्या. पहिल्या आराखड्यात हा एक फोन नेत्राणीची अख्खी भेट पुसून टाकू शकला असता. इथे त्याने उलट कामच केलं: शिक्षिकेला हवी होती ती विश्रांती मिळाली, बुधवारच्या डाइव्ह गुरुवारी सरकल्या, जादा पैसे नाहीत.

गुरुवारी तिचा कान सुटला. तिने दोन्ही डाइव्ह केल्या. धाकट्याची मंगळवारची ट्राय डाइव्ह झालीच होती, त्याने शिल्लक रकमेतून ४,५०० काढून अजून एक केली. यावर मतदान झालं म्हणे, तीन विरुद्ध एक. विरोधात शिक्षिका.

घाटाचा प्रश्न

या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय गुरुवारी दुपारी तीन वाजता झाला, आणि तो जवळजवळ चुकत होता.

शेवटच्या डाइव्हमधून ते साडेबाराला वर आले. तीनला धक्क्यावर. बँकवाल्याच्या डोक्यात आलं, आत्ताच निघालो तर अंकोला, यल्लापूर, हुबळी, बेळगाव करत मध्यरात्रीपर्यंत घरी. रात्रीच्या दोन खोल्यांचे २,६०० वाचतील, शुक्रवारची रजाही. त्याने मला फोन केला, परवानगी मागायला नव्हे, सांगायला.

मी विचारलं, यल्लापूरचा घाट किती वाजता चढणार?

"साडेपाच-सहाला. का?"

"अठरा तास झाले का?"

"काका, घाट म्हंजे काय विमान हाय व्हय?"

प्रश्न चुकीचा नाही. डाइव्ह करताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो तासन्‌तास श्वासावाटे हळूहळू बाहेर पडत असतो. तेवढ्यात बाहेरचा दाब कमी केला तर सोडावॉटरच्या बाटलीचं झाकण उघडल्यासारखं होतं, बुडबुडे. विमानात केबिनमधला दाब कमी असतो म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेने उड्डाणाआधीचे तास ठरवून दिलेत: एकच साधी डाइव्ह असेल तर १२, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर १८, डीकॉम्प्रेशनचे थांबे (वर येताना नायट्रोजन बाहेर पडू द्यायला मध्येच थांबणं) घ्यावे लागले असतील तर त्याहून बरेच जास्त. हे आकडे २,००० ते ८,००० फुटांच्या उंचीसाठी आहेत. दाबाला मात्र विमान आणि मोटार यांतला फरक कळत नाही. हुबळी दोन हजार फुटांच्या वर आहे, बेळगाव त्याहून वर, आणि कोल्हापूर दोन हजारांच्या जरासंच खाली. आंबोलीने यायचं म्हटलं तरी तोच प्रकार. कोकणातून देशावर यायचं म्हणजे सह्याद्री चढायचा, दुसरा रस्ताच नाही.

पुण्या-कोल्हापूरची माणसं तारकर्लीला उतरतात, दुपारी डाइव्ह करतात आणि संध्याकाळी घाट चढून घरी येतात, त्यांना हे कोणी सांगतच नाही. उथळ ट्राय डाइव्हला धोका कमी असेलही. चार डाइव्ह नेत्राणीला करून, त्यातल्या दोन त्याच दिवशी, पाच तासांत घाट चढणं हा वेगळा मामला आहे. आणि त्रास झाला तर वाटेत यल्लापुराच्या जंगलात. त्यावर उपचार होतो तो दाबकक्षात, आणि दाबकक्ष काही तालुक्याच्या गावी नसतो.

सोमवारच्या प्रवासातला लपलेला फायदा तो हाच. तारकर्लीहून मुरुडेश्वरला ते समुद्राच्या कडेकडेने आले, म्हणून रविवारच्या डाइव्हनंतर थांबायची गरज पडली नाही. थांबे किनाऱ्याने लावले की वाट पाहायची ती फक्त शेवटी, एकदाच.

फोनवर बँकवाला थोडा वेळ काही बोलला नाही. मग मागून शिक्षिकेचा आवाज आला, "खोली ठेवा म्हणावं, मी बोलले मालकांशी." ते शुक्रवारी सकाळी सातला निघाले. साडेअठरा तास.

खर्चाचा ताळा

ठरलेले १,०६,८००. त्यावर डॉक्टर ९००, धाकट्याची जादा डाइव्ह ४,५००, बोटीवरच्या पोरांना बक्षीस १,०००, आणि खाण्यात १,७०० जास्त (बांगडा हा काही अंदाजपत्रकात मावणारा मासा नव्हे). एकूण १,१४,९००. शिल्लक ५,१००.

प्रत्यक्ष डाइव्ह १९ झाल्या. तारकर्लीत तिघांच्या सहा, मंगळवारी दोघांच्या चार, गुरुवारी तिघांच्या सहा, धाकट्याच्या तीन. डाइव्हमागे साधारण ६,०५०. म्हणजे पहिल्या, फुगलेल्या आराखड्याच्या कागदी आकड्याच्या जवळपासच. बँकवाल्याने हे मला विजयी मुद्रेने दाखवलं. मी त्याला एवढंच म्हटलं, की तुझ्या त्या आकड्यात सर्दी धरली नव्हती आणि वाराही नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

तीन गोष्टी मला खटकतात, त्यांतली एक माझी चूक आहे.

माझी चूक अशी की घाटाचा नियम मी त्यांना आधी सांगितला होता, पण तोंडी. आराखड्याच्या कागदावर गुरुवारपुढे "शेवटची डाइव्ह साडेबारा, घाट शुक्रवारी सातनंतर" एवढी एक ओळ लिहिली असती तर फोनची वेळ आली नसती. थकलेला, खारवलेला, पैसे वाचवू पाहणारा माणूस महिन्यापूर्वीचं बोलणं आठवत नाही. आता मी शेवटच्या दिवसापासून मागे मागे येत आराखडा करायला लावतो. आधी घाट किंवा विमान, मग शेवटची डाइव्ह, मग मोकळा दिवस, आणि उरलेल्यात थांबे.

दुसरं, मंगळवारी सर्दी असताना शिक्षिकेने बोटीवर जायलाच नको होतं असं औषधवाल्याचं मत आहे. मला तसं वाटत नाही. तिने गोळीशिवाय, दोर धरून, तीनदा बघितलं आणि सोडलं, यात चूक काही नाही. पण आदल्या रात्रीच डाइव्ह सेंटरला सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी तिची जागा गुरुवारवर नेली असती. अट परताव्याची होती, दिवस बदलण्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. माझ्या प्रश्नांच्या यादीतही तो नव्हता. आता आहे.

तिसरं धाकट्याचं. तीन ट्राय डाइव्हवर त्याचे ११,५०० गेले आणि हातात कार्ड नाही. ऑनलाइन अभ्यास आणि तलावातला सराव आधी घराजवळ, पुण्यासारख्या शहरात, उरकून फक्त उघड्या पाण्यातल्या चार डाइव्ह किनाऱ्यावर करता येतात. बऱ्याच संस्था असा एकीकडे सुरू केलेला कोर्स दुसरीकडे पूर्ण करणं मान्य करतात. दोन महिने आधी ठरवलं असतं तर तो नेत्राणीला कार्ड घेऊन उतरला असता, कोणाच्या हाताला धरून नव्हे. हे मी सुचवलं होतं. त्याला तेव्हा गोवा हवा होता.

उरलेल्या ५,१०० रुपयांचं अजून ठरलेलं नाही. शिक्षिकेचं म्हणणं, तिचे मंगळवारचे ६,००० सामायिक पैशातून गेले असले तरी डाइव्ह तिची बुडाली, म्हणून शिल्लक तिची. औषधवाला म्हणतो, मग डॉक्टरांचे नऊशे त्यातून वजा करा. धाकटा म्हणतो, कोर्सला द्या. पैसे बँकवाल्याच्या खात्यात आहेत आणि तो या विषयावर बोलत नाही.